सातपुड्यात कुपोषण आणि काबूलला गहू: सरकारने परदेशात मदत पाठवावी का?

दादरची_भाकरी (शहादा)
परवा चोपड्याला साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत विषय निघाला आणि मोठे मामा म्हणाले, "धडगाव-अक्कलकुव्यात पोरं कुपोषणानं जातात अन् आपलं सरकार अफगाणिस्तानला गहू धाडतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नंदुरबार जिल्ह्यातला, धडगाव माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. तरी मला उत्तर सुचलं नाही, हे मनाला लागलं.

घरी येऊन शोधलं. काबूलमध्ये तालिबान आल्यावर आपण ५०,००० टन गहू द्यायचं कबूल केलं होतं. पाकिस्तानातून रस्ता मिळवण्यातच काही महिने गेले. शेवटी २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून पहिले ५० ट्रक निघाले, २,५०० टन गहू घेऊन. ट्रक अफगाणी, चालकही अफगाणी. माल जलालाबादला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात गेला. पोत्यांवर छापलं होतं की ही भारतीय जनतेकडून अफगाण जनतेला भेट आहे.

मला ते वाचून बरं वाटलं. पण मामांचा प्रश्न तसाच राहिला. युद्ध नाहीतर उपासमार चालू असलेल्या देशांना आपण मदत करावी का, केली तर किती, आणि ती खरंच भुकेल्याच्या हातात पडते का? जाणकारांनी लिहावं. पक्षाचं राजकारण नको, ही विनंती.

जिभाऊ_शिरपूर
मामा बरोबर बोलनात भो. आपलं पोर उपाशी अन् गावले जेवाडस, हाई कोनती रीत? पहिले घर बघा.

तापीकाठ
जिभाऊ, तुमच्या अंगणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला अख्खी गल्ली जेवते, ते आम्ही पाहिलंय. तुम्ही असं म्हणू नका. :)

जिभाऊ_शिरपूर
गल्ली वेगळी, काबूल वेगळं. गल्लीतला माणूस उद्या माझ्या दुखण्याला धावून येतो.

केळीबाग_रावेर
माझं दुखणं जरा निराळं आहे. मदतीला माझा विरोध नाही. पण १३ मे २०२२ ला सरकारनं गव्हाची निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी भाव चढेल म्हणून गहू घरात ठेवला होता. युक्रेनच्या लढाईमुळे जगात भाव वर गेलेले. आमच्या नशिबी तो भाव आला नाही. त्या बंदीत एक वाट मोकळी ठेवली होती: एखाद्या देशाच्या सरकारनं अन्नाची अडचण सांगून मागणी केली तर त्याला गहू देता येईल.

कांद्याचं तेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद. पुढे बांगलादेश, श्रीलंका, भूतान अशा सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा सोडला. साक्री-पिंपळनेरच्या माझ्या पाहुण्यांचा कांदा तोवर चाळीत सडला. शेजाऱ्याची गरज भागवा, जरूर भागवा. पण दानाचं पुण्य सरकारच्या नावावर आणि दानाचा भुर्दंड शेतकऱ्याच्या नावावर, असं होऊ नये. भाव द्या अन् आमच्याकडून घेऊन खुशाल वाटा.

हिशेबनीस_भुसावळ
भावनेवर बोलायच्या आधी आकडे बघू या. नोकरी रेल्वेच्या लेखा विभागात झाली, सवय जात नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाला सुमारे २०,५१६ कोटी रुपये. त्यातले इतर देशांना मदत म्हणून साधारण ५,४८३ कोटी. देशाचा एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम अकरा पैसे. दरडोई काढलं तर वर्षाला चाळीस रुपयांच्या आत.

आणि हे सगळे पैसे युद्धग्रस्तांना जातात असंही नाही. २,१५० कोटी एकट्या भूतानला, तेही मुख्यतः विकासकामांना. नेपाळ ७००, मालदीव ६००, म्यानमार ३५०, श्रीलंका ३००. अफगाणिस्तानला १०० कोटी.

आता गहू. रेशनवर ८१ कोटी लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट मिळतं. ढोबळ हिशेबानं महिन्याला ४० लाख टन, दिवसाला सव्वा लाख टनाच्या वर. काबूलला कबूल केलेला सगळा ५०,००० टन गहू म्हणजे आपल्या रेशनचं नऊ-दहा तासांचं धान्य. मामांना एवढं सांगा.

दादरची_भाकरी (शहादा)
हिशेबनीस काका, हे मी कागदावर लिहून ठेवलं. नऊ तास! मला वाटलं होतं की गोदामंच्या गोदामं रिकामी झाली असतील.

जिभाऊ_शिरपूर
आकडे कबूल. पण मग एवढ्याशा मदतीचा गाजावाजा कशाला? विमानावर झेंडा, खोक्यावर झेंडा, टीव्हीवर तेच.

डाळमिल_जळगाव
गाजावाज्याचं मला माहीत नाही, पण 'काबूल वेगळं' या वाक्याबद्दल लिहितो. जळगावात डाळीचा धंदा किती मोठा आहे ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या देशात बाहेरून येणारा उडीद बहुतेक म्यानमारचा असतो, तूरही येते. यांगूनहून जहाज सुटलं की नाही, यावर आमच्या मिलचे हमाल त्या आठवड्यात कामावर आहेत की घरी, हे ठरतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली तेव्हा बँकाच बंद पडल्या. आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवता येईनात, त्याला माल सोडवता येईना. तेव्हापासून तिथे घरातलं युद्ध चालूच आहे.

२८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी आपलं विमान १५ टन सामान घेऊन यांगूनला उतरलं. मग नौदलाची जहाजं गेली, आपत्तीत बचाव करणारे एनडीआरएफचे जवान गेले, आणि सैन्यानं मंडालेत दवाखाना उभारला, ११८ माणसांचं पथक होतं. 'ऑपरेशन ब्रह्मा' नाव दिलं होतं. मी तेव्हा यांगूनच्या त्या व्यापाऱ्याला फोन केला. वीस वर्षांची ओळख आहे, आम्ही मोडक्या हिंदीत बोलतो. तो म्हणाला, तुमचे लोक पहिल्यांदा पोचलेल्यांत होते. हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. माझाही.

पण खरं ते सगळं लिहायला हवं. भूकंपानंतरही तिथल्या लष्करानं विमानातून बाँब टाकणं थांबवलं नाही. मदत सरकारमार्फत गेली, म्हणजे त्या लष्करामार्फतच. सगाइंगकडे बंडखोरांच्या ताब्यातल्या गावांत त्यातलं किती पोचलं असेल? मला त्याची काळजी वाटते.

अमळनेरचे_नाना
मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. नातू टंकून देतोय, मी सांगतोय. जरा लांबेल.

तुम्ही सगळे देणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. मी घेणाऱ्याच्या रांगेत उभा राहिलेला आहे.

१९६५-६६ ला पाऊस गेला. देशात धान्य नव्हतं. अमेरिकेचा पीएल-४८० चा, म्हणजे त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखालचा, लाल गहू बोटीतून उतरायचा अन् सरळ रेशनच्या दुकानात यायचा. १९६६ साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं. आमच्या घरी दादरची, म्हणजे ज्वारीची, भाकरी खाणारी माणसं. त्या लाल गव्हाची पोळी चामड्यासारखी व्हायची. माय ती दुधात भिजवून आजीला द्यायची, आजीला दात नव्हते. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्या घरात ते पाळलं जायचं, मी मॅट्रिकला होतो तरी मलाही सूट नव्हती.

आता ऐका. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन सगळा गहू एकदम मंजूर करत नसत. थोडा थोडा, महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायचे. आपण व्हिएतनामच्या लढाईवर टीका केली ती त्यांना रुचली नव्हती. म्हणजे आमच्या ताटातली पोळी अन् आपल्या सरकारचं तोंड, दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं. तो अपमान आमच्या पिढीच्या लक्षात आहे. पुढे आपण नवं बियाणं आणलं, पंजाबात गहू पिकवला, त्यामागे हा अपमानही होता.

म्हणून माझं म्हणणं असं. मदत द्यावी, पण दोरी बांधून देऊ नये. ज्याच्या सरकारशी आपलं जमत नाही त्याच्या पोरांनाही द्यावी. तालिबानला आपण तेव्हा मान्यता दिलेली नव्हती, तरी गहू दिला. हे मला फार आवडलं.

दुसरी आठवण १९७१ ची. पूर्व बंगालातून एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे आली. त्या वर्षी नोव्हेंबरपासून पाकिटाला नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावायला लागायचं, 'शरणार्थी सहायता' लिहिलेलं. मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. वडील पोस्टात जाऊन कुरकुरत यायचे, पाच पैसे तेव्हा पाच पैसे होते. माय त्यांना म्हणायची, "भुक्या मानूसले जात नही ऱ्हास." ती कधी जळगावच्या पलीकडे गेली नव्हती. बंगाल कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. १९७३ च्या मार्चपर्यंत ते तिकीट चाललं. माझ्याकडे तसलं एक पाकीट अजून आहे.

तापीकाठ
नाना, साष्टांग नमस्कार. नातवालाही शाबासकी.

केळीबाग_रावेर
नाना, बाहत्तरच्या दुष्काळातलं मदतीचं पीठ, सुकडी, अन् लाल मिलो ज्वारी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलीय. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. वडील आजही ताटात कण ठेवत नाहीत.

अवांतर: गाजर गवत त्या अमेरिकन गव्हातून आलं असं म्हणतात, ते खरं का?

अमळनेरचे_नाना
म्हणतात खरं. बांधावरचं गवत उपटताना माझे वडीलही तेच म्हणायचे.

शिक्षिका_धुळे
माझा भाचा युक्रेनला विनित्सियात वैद्यकीय शिकत होता. फेब्रुवारी २०२२ च्या त्या आठवड्यात आमच्या घरी चूल पेटली तरी कुणाला घास गिळत नव्हता. ताईनं देवापुढचा दिवा विझू दिला नाही. तो मित्रांबरोबर बसनं अन् शेवटी पायी रोमानियाच्या सिरेतच्या सरहद्दीवर पोचला. बाहेर बर्फ. तिथल्या बायका गरम सूप, ब्लँकेट, मोबाइलची सिमकार्डं घेऊन उभ्या होत्या. एका आजीनं स्वतःचे हातमोजे काढून त्याला घातले. ते हातमोजे ताईनं जपून ठेवलेत. 'ऑपरेशन गंगा'च्या विमानानं तो दिल्लीला उतरला.

त्याच दिवसांत, १ मार्चला, आपल्याकडून औषधं अन् ब्लँकेटचं पहिलं सामान पोलंडमार्गे युक्रेनला गेलं. विमान इकडून मदत घेऊन जात होतं आणि तिकडून पोरं आणत होतं. मी वर्गात मुलांना हेच सांगते.

भाच्यानं एक गोष्ट सांगितली ती इथे सांगते. निघताना वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बाईनं त्यांना पाव अन् उकडलेली अंडी बांधून दिली. तिचा स्वतःचा मुलगा लढाईवर गेला होता. आपण पाठवलेल्या त्या सामानातलं एखादं ब्लँकेट तिला मिळालं असेल का, असा विचार माझ्या मनात येतो.

जिभाऊ_शिरपूर
ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. पण माझा तुर्कस्तानचा प्रश्न आहेच. फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला तेव्हा आपण 'ऑपरेशन दोस्त' काढलं. जवान गेले, कुत्री गेली, दवाखाना गेला. आणि मे २०२५ मध्ये तेच तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूनं उभं राहिलं. त्या वेळी पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं, ते बरोबर केलं. ज्याला आपण दोस्त म्हणालो त्यानं असं करावं?

माजी_सैनिक_पारोळा
जिभाऊ, मी सैन्याच्या वैद्यकीय शाखेतून निवृत्त झालो. तुर्कस्तानला मी नव्हतो, तोवर घरी आलो होतो. पण गेलेल्या पलटणीचं नाव आमच्या शाखेत आदरानं घेतात, म्हणून लिहितो.

हाताय प्रांतात इस्केंदेरुनला आपल्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलनं एका शाळेच्या इमारतीत ३० खाटांचा दवाखाना मांडला. ९९ माणसं होती. थोड्या दिवसांत साडेतीन हजारांवर रुग्ण तपासले. एनडीआरएफच्या ज्युली नावाच्या कुत्रीनं ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची मुलगी जिवंत असल्याचं हुंगून सांगितलं, मग रोमिओ या दुसऱ्या कुत्र्यानं खात्री करून दिली. ती मुलगी निघाली.

६० पॅराची हीच दवाखान्याची तुकडी १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात गेली होती. आपण तिथे लढायला सैनिक पाठवले नाहीत, फक्त हा दवाखाना पाठवला. त्यांनी जवळपास साडेतीन वर्षं तिथे काढली, दोन लाखांवर लोकांवर उपचार केले. तेव्हा आपला देश तीन वर्षांचा होता अन् आपल्याच घरात अन्नाची टंचाई होती.

आम्हाला शिकवलं जायचं ते एवढंच: स्ट्रेचरवर आला तो रुग्ण. त्याचं सरकार काय बोलतं हे त्याच्या जखमेला माहीत नसतं. तुर्कस्तानच्या सरकारवर तुम्ही रागवा, सफरचंद घेऊ नका, तो तुमचा हक्क आहे. त्या मुलीला काढलं याचा पश्चात्ताप मात्र मी एक क्षणही करणार नाही.

जिभाऊ_शिरपूर
त्या मुलीबद्दल मी काही बोललो नाही भाऊ. राग सरकारवरच आहे. तुमचं म्हणणं मानतो.

वाचक_नंदुरबार
गाझाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २२ ऑक्टोबर २०२३ ला आपलं सी-१७ विमान इजिप्तच्या अल-अरीशला उतरलं. साडेसहा टन औषधं अन् दवाखान्याचं सामान, ३२ टन तंबू, ताडपत्र्या, झोपायच्या पिशव्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. नोव्हेंबरात आणखी ३२ टन. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला आपण वर्षाला ५० लाख डॉलर देत आलोय.

पण अल-अरीशहून रफाहची सरहद्द पन्नास किलोमीटरच्या आत आहे, धुळ्याहून शिरपूर एवढी. आणि त्या एवढ्याशा रस्त्यावर ट्रकांच्या रांगा आठवडेच्या आठवडे अडल्या. मला मदतीतलं हेच सगळ्यात जास्त टोचतं. विमान हजारो किलोमीटर काही तासांत जातं आणि शेवटचे पन्नास किलोमीटर ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या मर्जीवर.

म्हणून औषध पाठवणं पुरेसं नाही, रस्ता उघडा म्हणून बोलणंही मदतीचाच भाग आहे असं मी मानतो. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांत गाझातली लढाई थांबवायचा ठराव आला तेव्हा आपण तटस्थ राहिलो. १२ डिसेंबरला युद्धविरामाच्या बाजूनं मत दिलं. मला पहिल्या वेळीही दुसऱ्यासारखंच मत हवं होतं.

हिशेबनीस_भुसावळ
वाचक, इथे थोडा असहमत. त्या पहिल्या ठरावात हमासच्या हल्ल्याचं नाव नव्हतं, म्हणून आपण तटस्थ राहिलो अशी सरकारची बाजू होती. दोन्ही बाजूंशी बोलणं चालू ठेवलं तरच सामान आत जातं, हाही विचार आहे. आपली कितीतरी माणसं इस्रायलमध्ये अन् आखातात कामाला आहेत.

वाचक_नंदुरबार
ते वाचलंय काका. तरी माझं मत तेच.

व्यवस्थापक
दोघांनीही नीट लिहिलं, धन्यवाद. यापुढे मात्र या युद्धात कोण बरोबर, ही चर्चा वेगळ्या धाग्यावर. इथे मदतीवरच राहू या. धर्मावर गेलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

केळीबाग_रावेर
आमची केळी इराण, इराकला जातात. तिकडे धूर निघाला की इकडे सावद्याच्या बाजारात केळीचा भाव पडतो. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण लढाई झाली तेव्हा आठ-दहा दिवस कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. तेव्हा डाळमिलवाल्या भाऊंचं म्हणणं मला पटतं, दूरचं असं काही उरलेलं नाही.

तापीकाठ
मला केनियाची गोष्ट सांगायचीय. मे २०२१, करोनाची दुसरी लाट. आपल्या गावागावांत काय चाललं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. तेव्हा केनियानं १२ टन चहा, कॉफी अन् शेंगदाणे पाठवले, तेही महाराष्ट्रात वाटायला, रेडक्रॉसमार्फत. दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांना घोटभर चहा मिळावा म्हणून. कितीतरी लोकांनी त्याची टिंगल केली, बारा टन शेंगदाण्यांनी काय होणार म्हणून. मला तेव्हा रडू आलं होतं. माझे काका त्याच आठवड्यात गेले होते. इतक्या दूरच्या, आपल्याहून गरीब देशाला आमच्यासाठी काही करावंसं वाटलं, हे मी विसरणार नाही.

२००४ च्या त्सुनामीत आपण बाहेरची मदत नको म्हणालो होतो, उलट श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला आपली जहाजं पाठवली होती. सतरा वर्षांनी आपल्यालाही हात पुढे करावा लागला. कुणाला कधी लागेल सांगता येत नाही.

डाळमिल_जळगाव
+१. आणि श्रीलंकेचं २०२२ विसरू नका. डिझेल, औषधं, तांदूळ, उधारी, सगळं धरून ४०० कोटी डॉलरच्या आसपास. त्यातलं बरंचसं कर्ज होतं, दान नव्हतं, हेही स्पष्ट असावं.

डॉक्टर_धडगाव
उशिरा लिहितोय, पंधरा दिवस मोलगीच्या बाजूला होतो, तिथे नेटवर्क मिळत नाही. धागा सुरुवातीपासून वाचला. मामांच्या प्रश्नात आमचं नाव आहे, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

सातपुड्यातलं मूल काबूलला गेलेल्या गव्हामुळे कुपोषित नाही. आमच्या तालुक्यात रेशनवर गहू येतो, तांदूळ येतो. मूल खंगतं त्याची कारणं वेगळी आहेत. आईचं लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी झालेलं. तिच्या अंगात रक्त कमी, कितीतरी जणींना सिकलसेल हा रक्ताचा आजार. मूल जन्मतःच दीड-दोन किलोचं. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूल पाठीवर. तिथे ना अंगणवाडी, ना लस, ना वजन. फडावर त्याला दिवसभर साखरेचा चहा अन् कोरडी भाकरी. जुलाब लागले की आठवड्यात हाडं दिसतात. ते परत येतात तेव्हा आमच्या वहीत ते मूल 'सापडत नाही' असं असतं.

आणि रस्ता. पाड्यावरून गरोदर बाईला आजही बांबूच्या झोळीतून आणतात. मी स्वतः त्या झोळीचं एक टोक खांद्यावर घेतलंय. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. तो चालू असतो तेव्हा जीव वाचतात, बोटीत डिझेल नसलं की माणूस काठावर वाट बघत बसतो.

म्हणून वाचक_नंदुरबार यांनी लिहिलेले गाझाचे ते शेवटचे पन्नास किलोमीटर मला लगेच कळले. गोदामात धान्य आहे, औषध आहे, आणि शेवटच्या टप्प्यावर ते अडतं. तिकडे बंदुकीपाशी अडतं, इकडे नाल्यापाशी अन् रिकाम्या जागांपाशी. आमच्याकडे मंजूर असलेल्या डॉक्टरांच्या जागा भरा, ऊसफडावर अंगणवाडी न्या, आशाताईचं मानधन वेळेवर द्या. यातल्या एकाही गोष्टीसाठी अफगाणिस्तानचा गहू थांबवावा लागत नाही.

आणखी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी युक्रेनला चार 'भीष्म' संच दिले. पेट्यांत घडी घालून नेता येणारा दवाखाना. एका संचात दोनशेच्या आसपास जखमींवर उपचार करता येतील इतकं सामान, छोट्या शस्त्रक्रियेचंही. मी ती बातमी वाचली अन् माझा पहिला विचार होता, असला एक संच तोरणमाळला पावसाळ्यात ठेवता आला तर! युक्रेनला दिला याचं वाईट अजिबात वाटलं नाही. जे युक्रेनसाठी बनवता आलं ते आमच्यासाठीही बनवता येईल, एवढंच वाटलं.

माजी_सैनिक_पारोळा
डॉक्टरसाहेब, सलाम.

जिभाऊ_शिरपूर
डॉक्टर, मी पहिल्यांदा जे लिहिलं ते मागे घेतो. आपल्या पोरांचं नाव पुढे करून मी बोललो, पण शिरपूरहून धडगावला मी किती वेळा गेलो? एकदाही नाही. तोरणमाळला फिरायला गेलो, तेवढंच.

गाजावाज्याबद्दल मात्र माझं मत कायम. दिलेलं मोजावं, कुठे पोचलं ते लोकसभेत सांगावं, फोटो कमी काढावेत.

शिक्षिका_धुळे
'कुठे पोचलं ते सांगावं' याला माझं अनुमोदन. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी अफगाणिस्तानात कुनारला भूकंप झाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं: काबूलला एक हजार तंबू पोचले, आणि आपलं तिथलं कार्यालय १५ टन अन्न काबूलहून कुनारला हलवतंय. इतकं नेमकं कळलं की आम्हाला मुलांना शिकवता येतं. त्या तंबूंत पुढे कोण राहिलं, हेही सहा महिन्यांनी कुणी सांगायला हवं.

हिशेबनीस_भुसावळ
अमेरिकेनं २०२५ च्या जानेवारीत परदेशी मदत गोठवली आणि जुलैत त्यांची मदत संस्थाच बंद केली. जागतिक अन्न कार्यक्रमाला त्याचा मोठा फटका बसला, अफगाणिस्तानात शिधा कापावा लागला. आपले अकरा पैसे आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचे झालेत. ते पंधरा करायला माझी हरकत नाही, माझ्या पेन्शनमधून घ्या.

केळीबाग_रावेर
अन् कांद्याला भाव देऊन.

हिशेबनीस_भुसावळ
कांद्याला भाव देऊनच.

दादरची_भाकरी (शहादा)
सगळ्यांचे आभार. आज मामांना फोन लावला. नऊ तासांचा हिशेब सांगितला, नानांची लाल गव्हाची पोळी सांगितली, मग डॉक्टरांचा प्रतिसाद अख्खा वाचून दाखवला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाल पोळी आम्हीबी खाल्ली रे. गुळाबरोबर. मी विसरूनच गेलो होतो." आणि मग विचारलं, "त्या डॉक्टरांना माणसं लागतात का काही? माझी जीप उभीच असते."

डॉक्टर, त्यांना काय सांगू?

डॉक्टर_धडगाव
या म्हणावं. काठी गावच्या होळीला ऊसतोडीची बरीच कुटुंबं आठवडाभर गावी परततात. तेवढ्यात जमतील तितक्या मुलांची वजनं घ्यायची असतात, खंगलेली पोरं आईसकट दवाखान्यात आणायची असतात, आणि तेव्हाच गाडी मिळत नाही. होळीच्या चार दिवस आधी निघा. जीपला मागचं फालकं असेल तर बरं, वजनकाटा अन् दोन झोळ्या त्यात बसतील. डिझेल शहाद्यालाच भरून घ्या, पुढे पंप मिळेल याचा भरवसा नाही.